ठिबक चालू, तरी सेन्सर म्हणे जमीन कोरडी

ड्रिपरखाली चिखल, पण ओलाव्याचा सेन्सर १९९ सेंटीबारवर अडकलेला (सेंटीबार म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून आहे त्याचं माप; शून्याजवळ ओली, आकडा मोठा तितकी कोरडी). त्याच्या भरवशावर पंप चालला आणि विजेचं बिल बघून डोकंच फिरलं. वायर आणि बॅटरी बदलून फरक शून्य.

माती सुकून आकसली की सेन्सरभोवती हवेची पोकळी राहते, संपर्क तुटतो. सेन्सर उपसून रात्रभर पाण्यात भिजवला. पाण्यातच आकडा शून्याजवळ आला, म्हणजे सेन्सर शाबूत (खरं तर ही चाचणी सगळ्यात आधी करावी). मग मुळांच्या खोलीइतकं, सेन्सरच्याच जाडीचं भोक पाडलं. त्याच खोलीची माती चाळून पातळ गारा केला, तळाशी ओतला, ओला सेन्सर त्यात दाबला, वरून माती थराथराने ठासली. पाण्याच्या दोन-तीन पाळ्यांनी आकडा हलू लागला.

आता सेन्सरच्या आकड्याशेजारी विजेच्या मीटरची युनिटंही लिहितो.