डच ऑफिसात नवे आहात? 'हो' म्हणण्याआधी या चुका टाळा

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आले तेव्हा थंडी, सायकल, दुपारचा ब्रेड या सगळ्याची मनाची तयारी करून आले होते. एका साध्या प्रश्नाची मात्र तयारी नव्हती. एका मंगळवारी सकाळी उभ्याउभ्या होणाऱ्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "टेस्ट रिपोर्ट शुक्रवारपर्यंत होईल का?" मी म्हणाले, "हो." मशीनवर वेळ मिळालेला नव्हता, डेटा अर्धाच हातात होता. शुक्रवार जमणार नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पण पुण्यात सात वर्षं जिथे काम केलं, तिथे अशा 'हो'चा अर्थ 'ऐकलं, जीव तोडून प्रयत्न करते' असा होता आणि तो विचारणाऱ्यालाही कळायचा.

शुक्रवारी दुपारी मी माफी मागायला तिच्याकडे गेले. उशिराबद्दल ती काहीच बोलली नाही. तिने स्क्रीनवर कॅलेंडर उघडलं, मंगळवारवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुला इथे माहीत होतं का?" मी हो म्हणाले. "म्हणजे तीन दिवस मी तुझ्या शब्दावर दुसऱ्या टीमला शब्द देत होते," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. पण पुढचे दोन महिने ती माझी प्रत्येक तारीख दोनदा विचारून घ्यायची. रिपोर्ट उशिरा झाला हे ती आठवड्यात विसरली, 'हो' मात्र विसरली नाही.

तेव्हापासून इथे नव्याने आलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींशी बोलले आहे. बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडते. आपल्याकडे न सांगता ओळखणं ही आपुलकी असते. इथे तुम्ही न सांगितलेलं कोणी ओळखत नाही, आणि ओळखायचा प्रयत्न केला तर तो तुमच्या खासगी गोष्टीत नाक खुपसणं ठरतो. सांगायची जबाबदारी तुमची. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

न जमणाऱ्या कामाला होकार देणं

'आफ्सप्राक इस आफ्सप्राक' हे वाक्य पहिल्या महिन्यात कानावर पडेलच. ठरलं म्हणजे ठरलं. पण याचा अर्थ तारीख बदलतच नाही असा नाही. बदलणार असेल तर कळल्या दिवशी सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून नुसतं 'नाही'ही म्हणू नका, काय जमेल ते सांगा. "शुक्रवारी अर्ध्या टेस्टचे निकाल देते. उरलेल्यांसाठी मशीन सोमवारी मिळणार आहे, म्हणून पूर्ण रिपोर्ट मंगळवारी." असं उत्तर दिल्यावर कोणी नाराज झालेलं मी पाहिलेलं नाही. तोंडून 'हो' निघूनच गेला असेल, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहा: "सकाळी हो म्हणाले, पण हिशोब केला तर जमत नाही." दुपारी सांगितलेली अडचण ही माहिती असते. तीच शुक्रवारी सांगितली की फसवणूक वाटते.

मान हलवणंही सोडा. आपली डुलणारी मान इथे कुणालाच नीट वाचता येत नाही.

मीटिंगमध्ये गप्प, बाहेर पडल्यावर बोलकं

डच मीटिंग लांबतात. सगळ्यात कनिष्ठ माणसालाही 'तुला काय वाटतं?' असं विचारलं जातं, आणि आपल्याला वाटतं की साहेबांनी ठरवून टाकावं, कशाला एवढा काथ्याकूट! याला इतिहास आहे. समुद्रसपाटीखालच्या जमिनीत पाणी उपसायचं आणि बांध राखायचे तर सरदार, शेतकरी, गावकरी सगळ्यांना एकत्र बसून ठरवावं लागे. पाण्याचा कारभार पाहणारी मंडळं इथे तेराव्या शतकापासून आहेत आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. 1982 साली वासेनार गावात मालक आणि कामगार संघटनांनी पगारवाढ आणि कामाच्या तासांबद्दल तडजोड केली. एकमताने चालायच्या या रीतीला पुढे 'पोल्डर मॉडेल' म्हणू लागले. पोल्डर म्हणजे पाण्यातून काढलेली जमीन.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा, की निर्णय होण्याआधी मत द्यायचं आणि झाल्यावर त्यामागे उभं राहायचं. मीटिंगमध्ये गप्प बसलात तर तुम्हाला मान्य आहे असं धरतात. नंतर मॅनेजरला एकटं गाठून 'खरं तर मला पटलं नव्हतं' म्हणालात, तर तो पहिला प्रश्न विचारतो, "मग तिथे का नाही बोललास?" मोठ्या खोलीत बोलायला जीभ वळत नसेल, तर मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा आणि मीटिंगमध्ये 'मी काल लिहिलंय त्यातला दुसरा मुद्दा' एवढंच म्हणा. मी सहा महिने असंच केलं.

वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारणं आणि त्याच्या मताविरुद्ध बोलणं, दोन्ही इथे रोजचं आहे. डचमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, 'यइ' आणि 'यु'. ऑफिसात जवळजवळ सगळीकडे 'यइ' चालतं. 'सर' म्हणू नका, समोरचा अवघडतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. सहकाऱ्याकडून काम अडलं म्हणून त्याच्या वरिष्ठाला सीसी करून मेल टाकणं आपल्याकडे नित्याचं आहे. इथे त्याला पाठीमागून वार समजतात. आधी त्याच्या टेबलापाशी जा, कॉफी घ्या, तोंडावर सांगा. दोनदा सांगूनही हाललं नाही तर 'आता मी हे वर नेते' असं त्यालाच सांगून मग वर न्या.

टीका मनाला लावून घेणं

माझ्या पहिल्या प्रेझेंटेशननंतर शेजारच्या सहकाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "तिसऱ्यापासून नवव्या स्लाइडपर्यंत मला काहीच कळलं नाही. खूप लांब आहे." मी घरी जाऊन रडले होते. तो मात्र पंधरा मिनिटांनी मला जेवायला बोलवायला आला होता, कारण त्याच्या लेखी ते प्रकरण तिथेच संपलं होतं. तो स्लाइडबद्दल बोलला होता, माझ्याबद्दल नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, नक्की कुठे तुटलं? त्याने अर्धा तास बसून नीट दाखवलं. त्यानंतर माझ्या स्लाइड्सची संख्या पंधराच्या पुढे गेली नाही.

याची उलटी चूकही होते. वर्षभरात काहींना वाटतं, इथे फटकळ बोललेलं चालतं, आणि मग ते माणसावरच घसरतात. 'हे गणित चुकलंय' चालतं, 'तुला गणित येत नाही' चालत नाही. आणि तुमच्या उच्चारांवर, रंगावर, देशावर केलेली शेरेबाजी हा स्पष्टवक्तेपणा नव्हे. ती सोसू नका. बऱ्याच कंपन्यांत अशा तक्रारी गुपचूप ऐकून घेण्यासाठी एक व्यक्ती नेमलेली असते. तिला 'फरट्राउवन्सपर्सोन' म्हणतात. ती कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

उशिरापर्यंत बसून दाखवणं

साडेपाचला मजला रिकामा होतो. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं असतं, आईला तसंच बाबालाही. युरोपीय संघात सर्वांत जास्त अर्धवेळ काम याच देशात चालतं, आणि आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी ठेवणारे बाप इथे सर्रास दिसतात. त्या दिवसाला 'पापादाख' असं नावच आहे. सहकाऱ्याचा तो दिवस बुधवार असेल, तर बुधवारी त्याला फोन करू नका, गुरुवारी उत्तर मिळेल.

तुम्ही आठपर्यंत बसलात तर कौतुक होत नाही. एक तर काम जास्त दिलंय किंवा तुम्हाला ते आवरत नाहीये, असा निष्कर्ष निघतो. दोन्हींत तुम्ही आधी सांगायला हवं होतं. लपूनछपून घरी रात्री काम करणारे मला सर्वाधिक काळजीत टाकतात, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात कायम चुकीचे तास जातात आणि पुढचं काम त्याच मापाने येतं.

सुट्टीही पूर्ण घ्या. पूर्णवेळ काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान 20 दिवस मिळतात आणि ते साधारणपणे पुढच्या वर्षीच्या 1 जुलैला बुडतात. वार्षिक पगाराच्या किमान 8 टक्के 'सुट्टीचे पैसे' वेगळे मिळतात, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात. तास कमी करून हवे असतील तर 26 आठवडे नोकरी झाल्यावर लेखी अर्ज करता येतो. दहा किंवा अधिक माणसांच्या कंपनीला तसंच सबळ कारण असल्याशिवाय तो नाकारता येत नाही. बाळ झाल्यावर जोडीदाराला एक आठवडा पूर्ण पगारी आणि त्यावर पाच आठवड्यांपर्यंत 70 टक्के दराने रजा आहे. आपले मुलगे ही रजा मागायला लाजतात. लाजू नका, बायकोची आई व्हिसासाठी थांबलेली असताना तेच आठवडे घर तारून नेतात.

आजारपणात नको ते सांगणं

इथे मात्र गंमत उलटी होते. बाकी सगळं सांगायचं, आणि आजार सांगायचा नाही. पोट बिघडलं तेव्हा मी सवयीने सविस्तर मेल लिहिला, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही जोडला. मॅनेजरचा फोन आला, "लवकर बरी हो, पण हे मला पाठवू नकोस. मला ते ठेवताच येत नाही."

खरंच येत नाही. काय झालंय आणि कशाने झालंय हे विचारायचा मालकाला हक्क नाही. अंदाजे किती दिवस येणार नाही, कोणतं काम अडलंय, संपर्क कुठे करायचा, अपघात कामावर झाला का, असं तो विचारू शकतो. आजाराबद्दल बोलायचं ते कंपनीने नेमलेल्या डॉक्टरशी, 'बद्रेइफ्सआर्ट्स'शी, आणि तोही तपशील मालकाला देत नाही. तुम्ही फक्त सकाळी, कंपनीने सांगितलेल्या वेळेआधी, फोन करून 'मी आजारी आहे' कळवायचं.

ताप अंगावर काढून येऊ नका. आजारपणात मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान 70 टक्के पगार द्यावाच लागतो. बऱ्याच करारांत पहिल्या वर्षी 100 टक्के असतो. कामाच्या ताणाने झोप उडाली असेल, तर तोही आजारच धरला जातो. त्यासाठी डॉक्टरकडे जाणाऱ्याकडे इथे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही.

केक, ब्रेड आणि बिटरबालन

वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच आणायचा, वाट बघत बसू नका. कॉफी आणायला उठलात तर आजूबाजूच्यांना विचारून सगळ्यांची आणा. दुपारचं जेवण अर्ध्या तासात, बहुधा ब्रेड आणि चीज, पण त्या अर्ध्या तासात टेबलावर हजर राहा, डबा डेस्कवर खाऊ नका. शुक्रवारी संध्याकाळच्या गप्पांना जरूर जा, पाणी पिऊन बसलात तरी चालतं. फक्त बिटरबालन म्हणून जे गोल, खुसखुशीत तळलेलं फिरतं, त्यात बहुधा गोमांसाचं सारण असतं. खात नसाल तर आधी विचारा. शाकाहाऱ्यांसाठी चीज भरलेला काससूफले बऱ्याचदा शेजारीच असतो.

घाबरून सही करणं

मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचंय ते हे. कंपनीत माणसं कमी करायची असतील किंवा तुमच्याशी पटत नसेल, तर एका दुपारी तुम्हाला बोलावून एक कागद पुढे ठेवला जातो. नाव 'फास्टस्टेलिंग्स-ओव्हरएनकॉम्स्ट'. परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा तो करार असतो. समोरची व्यक्ती नम्र असते, रक्कम लिहिलेली असते, आणि आपली माणसं भिडेखातर किंवा व्हिसाच्या धास्तीने तिथेच सही करतात. काही जण तर त्याहून वाईट करतात, अपमान नको म्हणून स्वतः राजीनामा देतात. स्वतः राजीनामा दिला की बेकारी भत्ता साधारणपणे हातचा जातो.

तो कागद हा प्रस्ताव आहे, हुकूम नाही. रक्कम, शेवटची तारीख, सगळ्यावर बोलता येतं. कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या 'केनिसमिग्रांट' परवान्यावर असाल तर नोकरी संपल्यापासून नवी शोधायला तीन महिन्यांपर्यंत मिळतात, परवान्याची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. म्हणून शेवटची तारीख पुढे ढकलून मागणं रकमेइतकंच महत्त्वाचं आहे. कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. त्याची फी बऱ्याचदा कंपनीच काही प्रमाणात देते, फक्त मागावी लागते. एफएनव्ही किंवा सीएनव्ही यांसारख्या कामगार संघटनेचे सभासद असाल तर तिथे विचारा. सही झालीच असेल, तरी 14 दिवसांच्या आत कारण न देता लेखी कळवून मागे घेता येते, आणि या मुदतीचा उल्लेख करारात नसेल तर 21 दिवसांत.

त्या खोलीत डच सुचणार नाही, इंग्रजीही सुचणार नाही. म्हणून एकच वाक्य आजच पाठ करून ठेवा: "इक टेकन फनडाख निक्स." मी आज कशावरही सही करणार नाही. हे म्हणा, कागद बॅगेत घाला आणि घरी या.