सोनं खरं, गिन्नी खोटी

"कसोटीवर घासून बघितलं, बावीस कॅरेट निघालं, आता घेऊ ना?" जुनी नाणी नव्याने गोळा करायला लागलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. माझं उत्तरही ठरलेलं आहे : नका घेऊ. निदान आज तरी नका.

कसोटीचा दगड काय नि सोन्याची शुद्धता मोजणारं कॅरेटमीटर यंत्र काय, दोन्ही सोन्याबद्दल बोलतात, तेही वरच्या थराबद्दल. नाणं कुठे आणि कधी पाडलं, याची त्यांना गंधवार्ता नसते. ब्रिटिश राजा जॉर्ज पंचमच्या गिन्न्या, म्हणजे त्याच्या काळची सॉव्हरिन ही सोन्याची नाणी, घ्यायला लागले तेव्हा मीही कॅरेटमीटरची चिठ्ठी हातात आली की निर्धास्त व्हायचे, आणि पैसे तिथेच बुडाले. सोनं पुरेपूर बावीस कॅरेटचं होतं, गिन्नी नकली. मोडीत सोन्याचा भाव मिळाला. नाणं म्हणून वर मोजलेली रक्कम गेली ती गेली. अजून आठवलं की पोटात कालवतं.

खऱ्या सोन्यात खोटं नाणं पाडायचा खटाटोप कोण करेल? पुष्कळ जण करतात, आणि ते आजचं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत लेबनॉनमध्ये अशा गिन्न्या भरपूर पाडल्या गेल्या, कारण बाजारात गिन्नीला तिच्यातल्या सोन्यापेक्षा जास्त भाव यायचा. तो फरक हाच नकली पाडणाऱ्याचा नफा. दुर्मिळ सालाच्या नाण्यावर तर तो कितीतरी पटीने वाढतो.

म्हणून आधी साल आणि टांकसाळीचं अक्षर. राजाच्या चेहऱ्यामागच्या, घोड्यावरच्या सेंट जॉर्जचं चित्र असलेल्या बाजूवर, सालाच्या बरोबर वर, जमिनीच्या रेषेवर बारीकसं रोमन अक्षर असतं. 'आय' म्हणजे मुंबई, 'एम' मेलबर्न, 'एस' सिडनी, 'पी' पर्थ, 'सी' ओटावा, 'एसए' प्रिटोरिया. अक्षर नसेल तर लंडन. आता गंमत बघा. लंडनने १९१८ ते १९२४ या सालांची एकही गिन्नी पाडलेली नाही. त्यामुळे १९१८ साल आहे, अक्षराची जागा स्वच्छ कोरी आहे, कुठे घासल्याची खूण नाही, तर भिंगही पिशवीत ठेवा आणि उठा. प्रिटोरियाच्या गिन्न्या १९२३ पासूनच्या, त्याआधीच्या सालावर 'एसए' दिसलं तरी तेच करा. मुंबईची गिन्नी फक्त १९१८ ची, सुमारे १३ लाख पाडलेली. आपल्याकडे लोक तिच्यामागे जास्त लागतात, म्हणून 'आय' दिसला की हुरळू नका, उलट दुप्पट वेळ घ्या.

मग मोजमाप. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, जाडी १.५२ मिमी. तिन्ही एकत्र बघायची, कारण हलका धातू वजनात बसवला की नाणं जाड होतं आणि जाडीत बसवला की वजन पडतं. झिजेने वजन जरा उतरेल. वाढलेलं दिसलं तर दागिन्यात घालायला जोडलेल्या कडीचा टाका शिल्लक आहे का ते पाहा. दोऱ्याने पाण्यात टांगून घनता काढणार असाल तर ती १७.७ च्या आसपास यायला हवी, पण काटा ०.००१ ग्रॅमचा हवा. ०.०१ च्या काट्यावर एक आकडा सरकला की १७.७ चे १८.१ होतात आणि आपण उगीच घाबरतो.

चुंबक, व्हिनेगर, दाताने चावणं हे व्हिडिओतले उद्योग सोडून द्या. पितळही चुंबकाला चिकटत नाही!

दहा पटीच्या भिंगाखाली मात्र निवांत बसा. खऱ्या नाण्याची झीज आधी उंच जागी होते : राजाच्या मिशा, कानावरचे केस सपाट होतात, पण काठाजवळच्या अक्षरांच्या कडा करकरीत राहतात. ओतीव नकलेत अक्षरंही साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, चित्राभोवतीच्या मोकळ्या मैदानात सुईच्या टोकाएवढी भोकं, कधी काठाच्या कंगोऱ्यावर सांध्याची रेघ. दोन गिन्न्यांवर एकाच जागी हुबेहूब एकच खळगा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातल्या समजा. शिवाय नाणं वर-खाली दोन बोटांत धरून गर्रकन फिरवा. राजा सरळ असेल तर घोडाही सरळच दिसला पाहिजे.

हे ऐकून हाय खाऊ नका. साध्या सालाची गिन्नी सोन्याच्या भावाच्या आसपास घेतलीत तर फसलात तरी फार बुडत नाही. शिकायचं ते अशाच नाण्यांवर. शिवकालीन होन पहिल्या वर्षी अजिबात नाही, कितीही गळ घातली तरी नाही. आणि "खोदकामात हंडा सापडलाय" म्हणणाऱ्याशी बोलूच नका : नमुन्याला खरं नाणं देतात, गाठोड्यात पितळ निघतं. खरंच हंडा सापडला असेल तर १८७८ च्या कायद्याने तो कलेक्टरला कळवावा लागतो.

गुरू जरूर करा, पण शिकवता शिकवता खिशातून नाणं काढून विकायला लागला की तो दुकानदार, हे माझं ठाम मत. मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्या सराफाने. त्यांनी मला कधी काही विकलं नाही, फक्त खरी नि खोटी शेजारी ठेवून तासन् तास बघायला लावलं.

पैसे द्यायच्या आधी बिलावर काय लिहिताहेत ते वाचा. "२२ कॅरेट सोन्याचे नाणे" एवढंच लिहिलं तर उद्या नकली निघालं तरी दुकानदार खोटा ठरत नाही. "गिन्नी, जॉर्ज पंचम, १९१८, मुंबई टांकसाळ, अस्सल" असं लिहून मागा. त्यावर चहा मागवतात, हसतात, "ताई, विश्वास नाही का?" म्हणतात. चहा घ्या, आणि तरी लिहून देत नसतील तर नाणं त्यांच्याच गादीवर ठेवून या.