स्वतःच्या टेबलटॉप गेमसाठी स्किल सिस्टीम कशी बनवायची

टेबलटॉप गेम म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकानं एक पात्र होऊन गोष्ट खेळायची, आणि स्किल सिस्टीम म्हणजे कुठल्या पात्राला काय कितपत येतं आणि ते जमलं की नाही हे फाशांवर ठरवायचे नियम. गोष्ट कुठं घडते आणि प्लेअर कोण आहेत हे तुमचं ठरलंय असं धरतो. आमचा गेम पन्हाळ्याच्या वेढ्याचा आहे, १६६० चा जुलै, खाली सिद्दी जौहरच्या चौक्या आणि भर पावसात रात्री गडावरनं निसटायचं, त्यामुळं उदाहरणं तिथलीच येतील.

आधी यादी. गेममध्ये माणसं खरोखर काय करणार तेवढंच लिहा: चढणं, लपणं, दांडपट्टा चालवणं, थाप मारणं, वाट काढणं. दहा-बारावर थांबा. जेवढी स्किल जास्त तेवढा गेम खरा वाटतो असं सांगणारे लई भेटतात, त्यांचं ऐकू नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा असल्या गेममधला सगळ्यात गाजलेला, त्याच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत स्किलची यादीच नव्हती, पाचव्या आवृत्तीत १८ आहेत, आणि लोक दोन्ही मन लावून खेळलेत. पोहणं वेगळं ठेवलं की एखादा त्यात पॉइंट घालतो आणि अख्ख्या गेममध्ये नदीच येत नाही.

फासे लुडोतले दोन घ्या. दोन्हींची बेरीज अधिक स्किल, ८ किंवा वर गेलं की जमलं.

स्किल ० ते ३ च ठेवा. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +१ म्हणजे सरळ ५ टक्के, दोन फाशांवर तसं नसतं. ० असेल तर जमायची शक्यता ४२ टक्के, +१ ला ५८, +२ ला ७२, +३ ला ८३. +४ दिलंत तर ९२ होतात, मग फासा टाकताना कुणाचा श्वास अडकत नाही.

आता जिथं मी दोन महिने अडकलो होतो ते. कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर पाच प्लेअर, सगळ्यांचं लपणं +२. ७२ टक्के म्हणजे भरपूर असं समजून मी सगळ्यांना फासे टाकायला लावले, एक जरी चुकला तरी चौकी जागी होणार. तिसऱ्या पोराला दोन आणि तीन पडले, +२ धरून सात, आणि त्यानं फासे तसेच टेबलावर सोडून हात मागं घेतला. दहा मिनिटांत सगळे पकडले गेले. पुढच्या रविवारी परत तेच. मला वाटलं पोरांचं नशीब खराब, म्हणून टार्गेट ८ वरनं ७ केलं, आणि ही चूक तुम्ही करू नका, कारण त्यानं एकट्यानं करायची कामं फारच सोपी झाली आणि पाचही जण निसटायची शक्यता मात्र ४० टक्केच राहिली.

शेवटी कागदावर गुणाकार केला. ७२ टक्के पाच वेळा गुणले की २० टक्के उरतात. माणसं वाढली की गणित अजून बिघडतं. एकाच माणसाला आधी उतर, मग चौकी चुकव, मग ओढा पार कर असं तीनदा टाकायला लावलं तरी हेच, ७२ चे ३८ होतात.

म्हणून दोन नियम, आणि हे मी आता कुणासाठी मोडत नाही. एका धोक्याला एकदाच फासे. आणि सगळ्यांनी मिळून करायचं काम असेल तर निम्म्यांना जमलं की सगळ्यांना जमलं. पाचातल्या निदान तिघांना जमायची शक्यता ८६ टक्के येते, भीती राहते पण गेम पुढं सरकतो. काहीजण म्हणतात एकट्या म्होरक्यानं टाकावं, मला ते अजिबात पटत नाही, बाकीचे चौघं नुसते बघत बसतात.

चुकल्यावर काय होणार हे फासे टाकायच्या आधी सांगा. ‘काहीच झालं नाही’ हे उत्तर चालणार नाही. चौकीवरचं कुत्रं भुंकू दे, कुणाचा पाय चिखलात घसरू दे, पण काहीतरी बदललं पाहिजे.

मग तीन रविवार खेळा आणि कुणी एकदाही न वापरलेलं स्किल यादीतनं काढा. आमच्यातनं घोडेस्वारी गेली, त्या रात्री सगळा प्रवास पालखी आणि पायीच होता.