ओल्या फरशीवर पडल्यावर: वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

पावसाळ्यात लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर किंवा मॉलच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरून आईचं मनगट मोडलं, तर सगळे तिला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे धावतात. ते बरोबरच आहे. पण एकाने मागे थांबा. फरशी अर्ध्या तासात पुसली जाते, आणि भरपाईचा सगळा वाद त्या पाण्यावरच असतो.

पडलो म्हणून भरपाई मिळते, असं नाही. धोका दुकानवाल्याला माहीत होता, किंवा नीट लक्ष ठेवलं असतं तर कळायलाच हवा होता, हे आपल्याला दाखवावं लागतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातून मिनिटापूर्वी पाणी सांडलं असेल, तर आपली बाजू लंगडी पडते. एसी सकाळपासून गळत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून फोटो काढताना पाणी कुठून येतंय ते घ्या. पाण्यात उमटलेले मळकट पाय, ट्रॉलीच्या चाकांचे पट्टे, वाळत आलेल्या कडा जवळून टिपा, कारण पाणी बराच वेळ तिथे होतं हे त्यावरून दिसतं. गळतीखाली बादली ठेवलेली असेल तर तिचा फोटो आधी काढा; त्यांना गळती ठाऊक होती याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. ‘फरशी ओली आहे’ ही पाटी होती का, आणि येणाऱ्याला ती दिसत होती का, हे लांबून घ्या.

सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फक्त पडल्याची क्लिप मागू नका, दुकान उघडल्यापासूनचं चित्रण जपून ठेवायला सांगा. जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं. ते पुढे पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, हे वकिलांच्या कानावर घाला. ‘मी कधीचं सांगतोय’ असं सफाईवाल्या मावशी किंवा वॉचमन बोलून गेले, तर नाव आणि मोबाइल नंबर टिपा, पण त्यांच्या नोकरीवर गदा येईल असा आग्रह धरू नका.

केस पेपरवर नुसतं ‘पडल्याने’ नको, ‘दुकानात ओल्या फरशीवर घसरून’ असं लिहून घ्या. एक्स-रे, औषधांची बिलं, फिजिओथेरपी, आया ठेवली तर तिच्या पगाराच्या पावत्या, सगळं एका फाइलमध्ये. मेडिक्लेमला मूळ कागद जाणार असतील, तर आधी झेरॉक्स काढा. चपला न धुता पिशवीत ठेवा, कारण तळवे झिजलेले होते असा आरोप हमखास होतो.

खरेदीचं बिल सांभाळा. त्याच्या आधारे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची. खरेदी झालीच नसेल, तर बहुधा दिवाणी दावा. मॉल असेल तर दुकान, मॉलची व्यवस्थापन कंपनी आणि सफाईचा ठेकेदार, तिघांनाही नोटीस द्या, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जागा महापालिकेची असेल, तर दोन वर्षांच्या हिशेबावर बसू नका. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये दाव्याआधी एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकील आठवडाभरातच गाठा.

आणि मलमपट्टीचे पैसे देऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद कुणी पुढे केला, तर वकिलांना दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.