आपल्या राज्यातले किती टक्के लोक कॉलेजात आहेत, हे नीट कसं काढायचं

उच्च शिक्षणात महाराष्ट्रात साधारण 45.8 लाख विद्यार्थी आणि तामिळनाडूत 33.1 लाख, म्हणजे आपण पुढे, असं भाषणात किंवा कुणाच्या नोट्समध्ये वाचलं की मला राहवत नाही. आकडे दोन्ही बरोबर आहेत पण निष्कर्ष चुकीचा आहे, कारण महाराष्ट्राची लोकसंख्याच तामिळनाडूच्या दीडपटीहून जास्त आहे. मग भागाकार करायला हवा, आणि तो सोपाच आहे, फक्त कशाला कशाने भागायचं हे नीट ठरवावं लागतं.

आधी वरचा आकडा, म्हणजे विद्यार्थी. तो केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशनमधून घ्यायचा, सगळे त्याला एआयएसएचई म्हणतात, 2010-11 पासून चालू आहे आणि रिपोर्टची पीडीएफ फुकट मिळते. मी इथे 2021-22 चा रिपोर्ट धरलाय, तो जानेवारी 2024 मध्ये आला. त्यात देशभरात 4.33 कोटी विद्यार्थी आहेत, आणि रिपोर्टच्या शेवटी जोडलेल्या तक्त्यांमध्ये राज्यवार एकूण नोंदणी दिलेली असते, तीच उचलायची. आता एक गोष्ट मराठी माणसाने खास लक्षात ठेवायची, आपण दहावी झाली की मुलगा कॉलेजला गेला म्हणतो, पण अकरावी-बारावी या सर्व्हेत धरत नाहीत, ती शालेय शिक्षणात जाते. इथे एफवायपासून पीएचडीपर्यंतचे सगळे आणि पॉलिटेक्निकसारख्या स्वतंत्र संस्थांमधले विद्यार्थी येतात. त्यामुळे तुमच्या तालुक्याच्या कॉलेजने सांगितलेला आकडा आणि सर्व्हेतला आकडा जुळला नाही तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका, आधी त्यात ज्युनिअर कॉलेजची मुलं मिसळलीत का ते विचारा.

मग खालचा आकडा, लोकसंख्या. इथे हमखास चूक होते. लोक 2011 ची जनगणना घेतात, महाराष्ट्र 11.24 कोटी, आणि 2021-22 च्या विद्यार्थ्यांना तिने भागतात, उत्तर येतं 4.1 टक्के. पण मधल्या दहा वर्षांत लोकसंख्या वाढली ना, विद्यार्थी आजचे आणि माणसं दहा वर्षांपूर्वीची असं करून कसं चालेल. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून 2011 वरून काढलेले अधिकृत अंदाज वापरायचे, 2011 ते 2036 पर्यंतचे राज्यवार अंदाज एकाच अहवालात आहेत. त्यात 2021 साठी महाराष्ट्र 12.44 कोटी, तामिळनाडू 7.64 कोटी, उत्तर प्रदेश 23.09 कोटी. सगळं लाखात करून घ्या म्हणजे शून्यांचा गोंधळ होत नाही, 45.8 भागिले 1244 गुणिले 100, आले 3.7 टक्के. तामिळनाडू 4.3 टक्के. आणि उत्तर प्रदेश, जिथे देशात सगळ्यात जास्त म्हणजे 69.7 लाख विद्यार्थी आहेत, तिथे फक्त 3 टक्के.

इथे थांबलात तरी नुसत्या संख्येपेक्षा बरंच बरं, पण मी म्हणेन थांबू नका. कारण एकूण लोकसंख्येत तान्ही बाळं पण आली आणि आजी-आजोबा पण आले, आणि कुठल्या राज्यात तरुण किती हे सारखं नसतं. त्यासाठी जीईआर बघायचा, म्हणजे सकल नोंदणी गुणोत्तर, एकूण विद्यार्थी भागिले 18 ते 23 वयाचे सगळे. तो त्याच रिपोर्टमध्ये तयार मिळतो, तामिळनाडू 47, महाराष्ट्र 35.3, उत्तर प्रदेश 24.1, देश 28.4. आता गंमत बघा, टक्क्यांत तामिळनाडू उत्तर प्रदेशच्या साधारण 1.4 पट होतं आणि जीईआरमध्ये जवळपास दुप्पट झालं! असं का ते उलटा हिशेब केला की कळतं. विद्यार्थ्यांना जीईआरने भागा, 69.7 भागिले 0.241, म्हणजे उत्तर प्रदेशात 18 ते 23 ची मुलं जवळजवळ 2.9 कोटी, राज्याच्या साडेबारा टक्के. तामिळनाडूत हाच हिशेब केला तर 70 लाख, सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उत्तर प्रदेशात कॉलेजच्या वयाची मुलंच जास्त, म्हणून एकूण लोकसंख्येच्या टक्क्यात त्यांची कॉलेजबाहेर राहिलेली पोरं दिसतच नाहीत, झाकली जातात. मला तरी हा उलटा हिशेब या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आपल्या राज्याचा एकदा हाताने करून बघाच.

पण जीईआर पण डोळे झाकून घ्यायचा नाही. वरच्या आकड्यात कुठल्याही वयाचा विद्यार्थी चालतो, चाळिशीत एमए करणारी बाई पण, त्यामुळे 35.3 म्हणजे 100 तरुणांतले 35 कॉलेजात असं अगदी शब्दशः म्हणता येत नाही. शिवाय माहिती संस्था भरते, म्हणून विद्यार्थी जिथे शिकतो तिथे मोजला जातो, जिथला आहे तिथे नाही. चंदीगडचा जीईआर 64.8 दिसतो त्यामागे पंजाब-हरियाणातून तिथे शिकायला येणारी मुलं आहेत. मुक्त विद्यापीठांचं पण बघून घ्या, देशात 45 लाखांच्या वर विद्यार्थी दूरशिक्षणात आहेत, त्यांचे तक्ते वेगळे असतात, दोन राज्यांची तुलना करताना दोन्हीकडे ते धरलेत की वगळलेत हे एकदा तपासा.

आणि जुनी वर्षं जोडून ग्राफ काढणार असाल तर जपून. 2019-20 चा देशाचा जीईआर जुन्या रिपोर्टमध्ये 27.1 आहे पण तो 2001 च्या जनगणनेवरच्या अंदाजाने काढलेला, 2011 वाल्याने तोच 25.6 होतो. पुढच्या वर्षीचा 27.3 नव्या पद्धतीचा आहे, म्हणजे जुना 27.1 त्याच्या शेजारी ठेवला तर वाढ जवळजवळ झालीच नाही असं वाटेल, आणि खरं तर पावणेदोन टक्के गुणांची झाली.

शेवटी एकच आकडा काढून फाईल बंद करू नका, त्याच तक्त्यात मुली, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती असे वेगळे रकाने असतात. देशाच्या पातळीवर मुलींचा जीईआर 28.5, मुलांपेक्षा किंचित जास्त, हे बघून मला खरंच बरं वाटलं, पण अनुसूचित जमातींचा 21.2 च आहे. आपल्या राज्याचा तो रकाना आधी उघडा, राज्याच्या सरासरीशेजारी लिहा, आणि दोन्हींपुढे वर्ष आणि कुठली लोकसंख्या धरली ते पण लिहा.