माळरान सुधारायचंय? मग आधी खड्डे खणणं थांबवा

गावाबाहेर मोकळा माळ दिसला की कुणाचे तरी हात शिवशिवतातच. जूनमधे खड्डे, रोपं, फोटो, की झालं वृक्षारोपण. कागदावर ती जमीन 'पडीक' असते ना, तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे गवतच खरं पीक आहे आणि लांडगा, चिंकारा, धाविक-चंडोलासारखे पक्षी सगळे त्या मोकळेपणावरच जगतात. गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ दाट लावलीत तर सावलीत गवत मरतं, मग राहिलं काय?

तर पहिलं काम, ऑक्टोबरमधे माळावर जा आणि नुसतं बघा. गवत फुलोऱ्यात असतं त्यामुळे ओळखायला सोपं जातं. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही चांगली गवतं भरपूर असतील तर माळ ठणठणीत आहे, काही करू नका, खरंच. सगळीकडे गुरं खात नाहीत ते टाकळा नि तरवडच दिसत असेल तर चराई जास्त झालीये.

पण म्हणून लगेच कुंपण घालून चराई बंद करू नका, ही चूक फार जण करतात. वर्षानुवर्षं कुणी तोंडच लावलं नाही तर जुनं गवत वाळून त्याचा थर बसतो, खालून नवे कोंब येत नाहीत आणि एखादी ठिणगी पडली की सगळं पेटतं. त्यापेक्षा मेंढरंवाले धनगर आणि गावातले गुरंवाले यांच्याशी बसून बोला, कुठलं गवत कधी खाल्लं जातं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. माळाचे तीन-चार भाग पाडा, दरवर्षी एका भागाला पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत विश्रांती, बाकीच्यांवर आळीपाळीने चराई. कापणी करायचीच तर बी गळल्यावर, आणि बुडखा चार बोटं तरी ठेवा.

अगदीच उघडा पडलेला तुकडा असेल तर तिथे बी टाका, पण जवळच्याच माळावरून गोळा केलेलं. ताजं बी बऱ्याचदा लगेच रुजत नाही म्हणून कापडी पिशवीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवा आणि पावसाच्या तोंडावर मातीवर नुसतं फेका, नांगर अजिबात घालू नका. कुसळी गवताचं बी तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकून बघा, कुसळ गरगर फिरायला लागतं, मातीत स्वतःला असंच रुजवतं ते, त्याला आपली गरजच नाही!

वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आलेलं काटेरी झुडूप, मात्र काढायचीच, पावसात माती मऊ असताना लहान रोपं मुळासकट उपटा, कारण वरून छाटली तर परत फुटते. अधूनमधून उभे असलेले बोर, हिवर, खैर राहू द्या, ती माळाचीच आहेत. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीला आणि वनखात्याची असेल तर त्यांना विचारल्याशिवाय कशालाच हात लावू नका. आणि पाणी अडवायला जेसीबीने सलग चर खणणं तर नकोच, सगळी वरची माती उलथीपालथी होते.

उन्हाळ्यात माळावर गाडी घालू नका, टिटवीसारख्या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली गेल्यावरच कळतं. एका ठरलेल्या दगडाशी उभं राहून दर ऑक्टोबरला फोटो काढा, तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय काही बदललंय की नाही ते डोळ्याला कळत नाही.