गिटारचा नट घरच्या घरी कसा बदलावा

गिटारच्या मानेवर खुंट्यांच्या अलीकडे जी आडवी पट्टी असते आणि जिच्या सहा खाचांतून तारा पुढे जातात, तिला नट म्हणतात. स्वस्त गिटारवर ती बहुधा प्लास्टिकची आणि खालून पोकळ असते. दोन-चार वर्षांत खाचा झिजतात, कधी पट्टीचा कोपराच तुटतो. हे काम घरी नक्की जमते. घाई मात्र चालत नाही, कारण खाच एकदा खोल गेली की घासून वर आणता येत नाही.

आधी दोष नटचाच आहे ना, ते पाहा

बोट न ठेवता मोकळी तार वाजवल्यावर झणझणते आणि पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावताच आवाज स्वच्छ होतो, म्हणजे त्या तारेची खाच फार खोल झाली आहे. सूर लावताना तार मध्येच ‘टिक्’ करून उडी मारते, तेव्हा ती खाचेत अडकत असते. पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड दाबताना बोटे दुखत असतील आणि तो किंचित चढा वाजत असेल, तर खाचा उंच आहेत. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते, म्हणून स्वर चढतो.

कॅपो लावूनही झणझण राहिली, तर दोष मानेच्या वाकात, फ्रेटमध्ये किंवा ब्रिजवरच्या सॅडलमध्ये (तारा दुसऱ्या टोकाला ज्या पट्टीवर टेकतात तिच्यात) असेल. पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढला की लाकूड फुगते आणि तारांची उंची बदलते. म्हणून ट्रस रॉडने (मानेच्या आत बसवलेल्या धातूच्या सळईने) मानेचा वाक आधी ठीक करावा, मगच नटला हात लावावा.

काय आणावे

जुन्या नटची लांबी, जाडी आणि उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजा. स्टीलच्या तारांच्या बहुतेक अकूस्टिक गिटारवर नट साधारण 43 मिमी लांब आणि 6 मिमी जाड असतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर लांबी 52 मिमीच्या आसपास असते. फेंडर कंपनीच्या धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारवर नट जेमतेम साडेतीन मिमी जाड असतो आणि मानेत कोरलेल्या खोबणीत बसतो.

नट हाडाचा घ्यावा. तो टणक असतो, घासताना तुकडे उडत नाहीत आणि तार त्यावरून सहज सरकते. पहिल्यांदा करणार असाल, तर खाचा आधीच पाडलेला घ्या. त्या मुद्दाम उथळ ठेवलेल्या असतात.

बाकी सामान साधे आहे: कटर, लहान हातोडी, लाकडी ठोकळा, 120, 240, 400 आणि 1000 नंबरचे पॉलिश पेपर, सपाट काचेचा तुकडा, मास्किंग टेप, फेविक्विक. खाचांसाठी खास कानशी मिळतात, पण महाग असतात. हार्डवेअरच्या दुकानात गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करायच्या खरखरीत सुयांचा संच स्वस्तात मिळतो आणि काम चांगले करतो. सुई तारेपेक्षा केसभर जाड निवडा. तारांच्या 12-53 जाडीच्या संचात पहिली तार 0.30 मिमीची असते आणि सहावी 1.35 मिमीची. खाच तारेपेक्षा अरुंद असेल तर तार अडकते आणि फार रुंद असेल तर आत हलते.

जुना नट काढणे

तारा पूर्ण ढिल्या करून बाजूला घ्या. नटच्या चारी कडांवर कटरच्या टोकाने हलकी रेघ ओढा. हे टाळले तर नटबरोबर हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असलेल्या टोकावरच्या) लॅकरचा पापुद्रा निघतो, आणि तो डाग कायमचा राहतो. मग फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) बाजूने नटला ठोकळा टेकवून खुंट्यांच्या दिशेने हलके ठोके द्या. बहुतेक नट तीन-चार ठोक्यांत सुटतो. खोबणीतला नट असा ठोकू नका, लाकूड फुटेल. तो एका टोकाकडून बाजूला सरकवावा. तरीही हलला नाही, तर बारीक करवतीने मधोमध लांबीत चिरून पकडीने दोन्ही फाका आत दाबाव्यात.

जागेवरचा जुना गोंद कटरने खरवडा, लाकूड खरवडू नका. तळ सपाट राहायला हवा. नटखाली पोकळी राहिली तर मोकळ्या तारेचा आवाज बोदा होतो.

नवा नट बसवणे

काचेवर 120 चा पेपर चिकटवून नट त्यावर सरळ घासा. हातात धरून घासला तर तळ गोलसर होतो. हाडाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा. थोडी धूळ कागदात बांधून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. अंगठ्याच्या दाबाने आत जाईल आणि गिटार उलटी केली तरी पडणार नाही, इतकाच घट्ट नट हवा. हातोडीने बसवावा लागला तर तो जाड आहे.

खाचा नसलेला कोरा नट घेतला असेल, तर एक पेन्सिल घासून उभी अर्धी करा. तिची सपाट बाजू फ्रेटवर टेकवून नटवर रेघ ओढा. ही रेघ फ्रेटची उंची दाखवते, आणि कोणतीही खाच तिच्या खाली जाता कामा नये. खाचांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सारखे ठेवू नका. जाड तारा एकमेकींना खेटलेल्या वाटतात. सारखी हवी ती तारांमधली मोकळी जागा. 43 मिमीच्या नटवर सहाव्या तारेची खूण जाड तारांच्या बाजूच्या कडेपासून साडेतीन मिमीवर करा. तिथून पुढच्या खुणा 7.7, 15.1, 22.2, 29.2 आणि 36 मिमीवर येतील.

खाच आणि जवारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. खाचेचा तळ फ्रेटबोर्डच्या बाजूला सर्वात उंच असावा आणि खुंट्यांकडे उतरत जावा. तार त्या पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. तळ सपाट राहिला किंवा मागे उंच झाला, तर तार खाचेत घासत वाजते आणि गिटारमधून सतारीसारखा झणकार येतो. सतारीच्या घोडीचा माथा कारागीर मुद्दाम अगदी हलक्या उताराचा करतात, म्हणजे तार त्यावर घासून जवारी उमटते. सतारीत कमावलेला तोच परिणाम गिटारच्या नटवर दोष ठरतो.

दोन्ही बाजूंच्या लाकडाला टेप लावा. सुई हेडस्टॉकच्या उताराच्या साधारण निम्म्या कोनात धरा. तीन-चार घासांनंतर दरवेळी तार चढवून सुरात आणा आणि तपासा. दुसऱ्या व तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातू यांच्यातली फट पाहा. साधा ए-फोर कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो. सहाव्या तारेखालून तो जेमतेम सरकावा. पहिल्या तारेखालून तो सरकू नये, पण तारेवर टिचकी मारली तर बारीक ‘टिक्’ ऐकू यावे. ‘टिक्’ आलेच नाही, तर तार फ्रेटला टेकली आहे.

सहाही तारा सारख्याच उंच असतील, तर खाचांऐवजी नटचा तळ घासा. फट 0.1 मिमीने कमी करायला तळातून सुमारे 0.2 मिमी काढावे लागते, कारण पहिला फ्रेट नट आणि दुसरा फ्रेट यांच्या जवळपास मधोमध येतो.

जाड तारा खाचेत निम्म्या बुडालेल्या पुरतात. वर उरलेले हाड घासून उतरवा, कडा गोल करा आणि 1000 च्या पेपरने चकाकी आणा. तळाला फेविक्विकचे दोनच थेंब लावा. नटला जागेवर तारांचा दाबच धरून ठेवतो आणि पुढे कधी काढायचा झाला तर तो सहज सुटायला हवा. खाचांत पेन्सिलचे शिसे घासा.

एखादी खाच खोल गेलीच, तर जपून ठेवलेली हाडाची धूळ तिच्यात दाबून भरा आणि वर फेविक्विकचा एक थेंब सोडा. धूळ नसेल तर खायचा सोडाही चालतो. सोड्यावर गोंद पडताच वाफ येते, म्हणून तोंड लांब ठेवा. पूर्ण घट्ट झाल्यावर ती खाच पुन्हा पाडा. तीन-चार खाचा खोल गेल्या असतील, तर नट काढून त्याखाली हाडाची किंवा टणक लाकडाची पातळ पट्टी घाला.